आकर्षणाला मिळालेलं फुकटचं श्रेय

धनभारित आणि ऋणभारित पॉलिमरची द्रावणं एकमेकांना भिडली की सीमेवर आपोआप पातळ पडदा धरतो. का? उत्तर तयारच असतं: ‘विरुद्ध भार एकमेकांना खेचतात, त्यात काय!’ हे इतक्या ठामपणे आणि इतक्यांदा ऐकवलं जातं की आता खोडून काढायलाच हवं.

पाण्यातल्या पॉलिमरच्या लांब साखळीवरचे भार एकटे नसतात. ऋणभारित साखळीभोवती सोडियमसारखे धन आयन आणि धनभारित साखळीभोवती क्लोराइडसारखे ऋण आयन आधीपासून खिळलेले असतात. साखळ्या जुळतात तेव्हा फक्त जोडीदार बदलतात. मग आकर्षणाची नवी कमाई ती कोणती? कमाई होते ती सुटलेल्या आयनांमुळे. शाळा सुटल्यावर पोरं मैदानभर पांगावीत, तसे ते पाण्यात पांगतात. ही पांगापांग, म्हणजेच एन्ट्रॉपी, वाढते आणि पडदा धरण्यामागचा मुख्य जोर तिथून येतो. भार हवेतच, कारण आयनांना आधी अडकवून ठेवतात ते भारच.

पटत नसेल तर उष्णता मोजा: आकर्षणच मुख्य कारण असतं, तर जुळताना ती भरपूर बाहेर पडायला हवी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात फू आणि श्लेनॉफ यांनी ती मोजली. देवाणघेवाण किरकोळ निघाली. काही जोड्या तर जुळताना उलट उष्णता शोषतात. त्यांच्या 2016 च्या शोधनिबंधाचं शीर्षकच सांगतं की या जुळणीमागची प्रेरणा स्थिरविद्युत नव्हे. याहून स्पष्ट काय लिहायचं?

आता किरकोळ गैरसमज.

‘शोध अगदी नवा आहे.’ विरुद्ध भारांच्या साखळ्या जुळून बनणाऱ्या अशा संकुलांवर ॲलन मायकेल्स यांनी 1961 मध्येच शोधनिबंध लिहिला होता.

‘पडदा क्षणात पूर्ण होतो.’ क्षणात धरतो तो फक्त पहिला थर. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टप यांच्या गटाने हायालुरॉनिक आम्ल आणि धनभारित पेप्टाइड-रेणू यांच्या पिशव्या बनवल्या (‘सायन्स’, 2008). त्यांत पहिला थर मिसळणं अडवतो, मग आयनांच्या परासरण दाबामुळे पॉलिमर त्यातून झिरपत राहतो आणि पडदा जाड होतो.

‘स्वतः घडतो, म्हणजे सजीवच!’ त्या पिशव्यांत मानवी मूलपेशी वाढवता आल्या, हे खरं. पण जिवंत होत्या त्या पेशी, पिशवी नव्हे.

‘एकदा धरला की कायमचा.’ अनेक संकुलं तीव्र क्षारद्रावणात विरघळतात. बाहेर आयनांची आधीच गर्दी असली, की आतल्यांना सुटून फारसा लाभ उरत नाही.