गुडघा, आरी आणि लेसर

ज्येष्ठ सरत आला की तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. आणि त्या वाटेवर, उसाच्या बांधाशी विसावलेल्या कोणत्याही दिंडीत, साठी उलटलेली एखादी बाई उठताना एक हात भुईला व दुसरा गुडघ्याला टेकून क्षणभर थबकते, ‘पांडुरंगा’ म्हणते, आणि मगच उभी राहते.

ते थबकणे कूर्चेच्या झिजेपायी. हाडांच्या टोकांवरील या गुळगुळीत आवरणात बहुतांश पाणीच असते, रक्तवाहिन्या व मज्जातंतू मुळीच नसतात. सबब ते झिजताना कळत नाही आणि झिजल्यावर भरून येत नाही. दुखते ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर.

“लेजरनं गुडघं बरं करत्यात म्हनं, मग कापायचं कशाला?” हा वारकऱ्यांचा सवाल रास्तच आहे. भौतिकशास्त्रज्ञ मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, आणि पुढे होल्मियम लेसरची २.१ मायक्रॉन लांबीची लहर, जी पाण्यात चटकन शोषली जाते, ती बारीक तंतूतून, दुर्बिणीच्या साहाय्याने, सांध्याच्या ज्या कोपऱ्यांत पोलादी हत्यार वळत नाही तेथवर नेता येऊ लागली, तेव्हा गुडघ्यातील फाटक्या गादीच्या कडा नेमक्या छाटल्या जात, रक्तही फारसे येत नसे. परंतु उष्णता हद्द जाणत नाही. लेसरनंतर कूर्चेखालचे हाड मृत झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. शिवाय छाटणे म्हणजे घडवणे नव्हे. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, केवळ त्वचेला छेद देऊन टाके घातलेल्यांनाही, दुर्बिणीतून खरोखर सफाई केलेल्यांइतकाच आराम पडला. या निकालाने भल्याभल्यांची पंचाईत केली. (फिजिओथेरपीतला सौम्य लेसर ही बाब निराळी, तो काही कापीत नाही.)

झीज पार टोकाला गेली असता उपयोगी पडते ती दिसायला सुतारकामासारखी जुनी रीत: हाडाची टोके आरीने काही मिलिमीटर कापायची, त्यांवर कोबाल्ट-क्रोमियमचे कवच आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती बसवायची. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी मांडी घालणाऱ्या आपल्या लोकांचा विचार करून ‘इंडस’ हा देशी गुडघा घडवला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवून दिली, ही गोष्ट उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घराला लहर-लांबीपेक्षा अधिक जवळची. झीज तेवढी झालेली नसेल, तर मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन उतरवणे यांवर निभावते. पण ही कसरत रोज करावी लागते, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी.

“पुढल्या साली वारी हुईल का?” हे मात्र प्रत्येक जण विचारतो. डॉक्टर म्हणतात, “चालायला हरकत नाही, आजी. पण पंगतीला खुर्ची मागून घ्या.”