बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव व तंत्रिका पुनर्जनन
अपघात, दाब किंवा रोग यांमुळे इजा झालेल्या परिसरीय तंत्रिकांची (मेंदू व मेरुरज्जू यांबाहेरील मज्जातंतूंची) पुन्हा वाढ व्हावी म्हणून रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणूंचा (प्लेटलेटांचा) संहत द्रव वापरण्याची उपचारपद्धती.

तंत्रिका तुटली म्हणजे तुटीपलीकडील अक्षतंतूंचा अपकर्ष होतो. ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेतील तंत्रिकांचा अभ्यास करून १८५० मध्ये त्याचे वर्णन केले. मात्र अक्षतंतूंभोवतीच्या श्वान कोशिका टिकून राहतात; त्यांच्या रांगा बनतात व अलीकडील टोकातून फुटलेले अंकुर त्यांच्या आधाराने पुढे सरकतात. हा वेग दिवसाला सु. १ मिमी. एवढाच असतो. काखेजवळ तुटलेल्या तंत्रिकेच्या अंकुरांना पंजातील लहान स्नायूंपर्यंतचे सु. ५० सेंमी. अंतर कापण्यास सोळा महिने लागतात. तोवर हे स्नायू झिजून त्यांच्या जागी तंतुमय ऊतक व चरबी येऊ लागते आणि उशिरा पोहोचलेला अंकुर निरुपयोगी ठरतो. शस्त्रक्रियेने टोके कितीही कौशल्याने जुळविली, तरी ही अडचण उरतेच.

शिरेतून घेतलेल्या रक्तात गोठणरोधक मिसळून ते केंद्रोत्सारण यंत्रात फिरवितात. जड तांबड्या कोशिका तळाशी बसतात व बिंबाणू थोड्या रक्तद्रवासह वेगळे काढता येतात. सामान्यतः १ घ. मिमी. रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. या द्रवात ते बहुधा तिपटीहून अधिक असतात. बिंबाणूंतील कणिकांतून स्रवणारे वृद्धिघटक श्वान कोशिकांच्या विभाजनास व नव्या केशवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात. द्रव गोठविल्यास होणारे तंत्वीचे जाळे अंकुरांना आधारही देते. हा द्रव शिवलेल्या जागेभोवती लावतात, जोडनळीत भरतात किंवा श्राव्यातीत चित्रणाच्या साहाय्याने तंत्रिकेभोवती टोचतात.

उंदरांच्या नितंब तंत्रिकेवरील अनेक प्रयोगांत अनुकूल फल मिळाले. परंतु उंदराच्या पायातील अंतर ते किती! माणसातील पुरावा मुख्यतः दाबाच्या व रोगजन्य विकारांतील आहे. मनगटातील तंत्रिका दाबली गेलेल्या ६० रुग्णांवर तैवानमध्ये झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका अंतःक्षेपणाने सहा महिन्यांनंतर रात्रीच्या बंधपट्टीपेक्षा अधिक आराम आढळला. कुष्ठरोगातील बधिरतेत संवेदना सुधारल्याचे इंडोनेशियातील अभ्यासात २०१४ मध्ये नोंदले गेले. संपूर्ण तुटलेल्या तंत्रिकेत मात्र हा उपचार शिवणीची जागा घेऊ शकत नाही. फार तर तिला पूरक ठरतो. द्रव बनविण्याच्या पद्धती भिन्न असल्याने निरनिराळ्या अभ्यासांतील निष्कर्षांची तुलना करणेही कठीण जाते. द्रव रुग्णाचाच असल्याने प्रतिक्षम प्रतिक्रियेचे भय अल्प असते. परंतु बिंबाणूंची तीव्र न्यूनता किंवा टोचावयाच्या जागी संसर्ग असल्यास तो वापरीत नाहीत.