कोणत्या गावची शाळा बरी?

जून जवळ आला की वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघताना नि बचत गटाच्या बैठकीत बायकांचा एकच विषय, "तुमच्या लेकराला पाचवीला कुठं घालणार?" मग तुलना सुरू. अमक्या गावच्या शाळेला रंग दिलाय, तमक्या शाळेचा सातवीचा निकाल शंभर टक्के!

मैत्रिणींनो, या शंभर टक्क्यांचं फार कौतुक नको. शिक्षणहक्क कायदा 2010 साली लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करणंच बंद झालं. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षा 2023-24 पासून पुन्हा आल्या, पण सहावी-सातवीला निकालावरून काय कळणार?

त्यापेक्षा लेकराला जवळ बसवा. दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला द्या, तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागायला सांगा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2005 पासून गावोगाव घरी जाऊन हेच करतात. 2024 च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर धड वाचता आला नाही. ही मुलं पुढं सहावीतच जातात, आणि तिथं इतिहास-विज्ञानाची जाड पुस्तकं वाट बघत असतात.

तुलना करताना आणखी एक बघावं. दिवाळी झाली की आपल्या परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड भागातून ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. ज्या शाळेत अशी लेकरं जास्त, तिचे गुण कमीच दिसणार. म्हणून ती शाळा वाईट? मला तर वाटतं, हंगामी वसतिगृहाची सोय करून ही लेकरं गावातच ठेवणारे गुरुजी जास्त हुशार. पटावरून नावं कमी करून सरासरी वाढवणं काय, कुणालाही जमेल.

आणि मुली! पाचवीला किती होत्या, आठवीला किती राहिल्या, हा आकडा मी आधी विचारते. गावात सातवीपर्यंतच शाळा असली की पुढचं सगळं एसटीवर. पास फुकट मिळतो, पण गाडी चुकली, अंधार पडला की घरचे म्हणतात, "बस झालं शिक्षण." शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी आहे का, हेही बघून या. पाळी सुरू झालेली पोरगी त्यापायी महिन्याला चार दिवस घरी बसते. एका घरी तर मुलगा व्हॅननं इंग्रजी शाळेत आणि मुलगी गावच्या शाळेत. आई म्हणाली, "तिला काय, कुठंबी चालतंय." अशा घरात शाळांची तुलना होतच नाही, लेकरांची होते.

हे विचारायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. पण कितीतरी गावांत नाव बाईचं, बैठकीला नवरा, आणि रजिस्टर सहीसाठी घरी येतं. शाळेची पटसंख्या, शिक्षक, खोल्या ही माहिती दरवर्षी 'यूडायस'वर भरली जाते. पुढच्या बैठकीला स्वतः जा, ती मागा, आणि शेजारच्या दोन गावांची माहिती शेजारी ठेवा. सही त्यानंतर करा.