वडगावचा सातबारा आणि अमेरिकेचा आयकर

जानेवारी लागला की मी न्यूजर्सीहून मावळातल्या वडगावला दादाला फोन करते आणि भाताचा हिशेब मागते. पोती किती झाली, भाव काय मिळाला, माझ्या वाट्याचे किती रुपये खात्यात भरले. आमच्या खाचरांत इंद्रायणीच लावतात. हे वाण 1987 साली आमच्या वडगावच्याच कृषी संशोधन केंद्रातून आलं, त्यामुळे त्याचा हिशेब लिहितानाही मला बरं वाटतं. दादा मात्र दरवर्षी विचारतो, "अगं, शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो ना?"

भारतात नसतो. अमेरिकेत असतो. ग्रीनकार्ड मिळालं त्या दिवसापासून जगाच्या पाठीवर कुठंही झालेली माझी कमाई तिथल्या आयकर खात्याला सांगणं मला बंधनकारक आहे. त्यात मावळातलं भातही आलं.

मुलं परदेशी असलेल्या आमच्याकडच्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: दोन देशांत करार आहे, आता काळजी नाही. करार आहे, हे खरं. भारत आणि अमेरिका यांच्यात तो 12 सप्टेंबर 1989 रोजी झाला आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात लागू झाला. एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे पूर्ण कर बसू नये, यासाठी तो आहे. भारतात भरलेला कर अमेरिकेच्या करातून वजा मिळतो. पण भारताने काहीच घेतलं नसेल तर वजा काय करणार? म्हणून भातावरचा कर मी तिथे पूर्ण भरते. शिवाय हा करार केंद्र सरकारच्या करापुरता आहे. न्यूजर्सी राज्य आपला वेगळा आयकर घेतं आणि परदेशात भरलेला कर त्यातून वजा करू देत नाही.

आता बँकेचं. माझ्या एनआरओ खात्याच्या, म्हणजे परदेशस्थाच्या भारतातल्या कमाईच्या खात्याच्या, व्याजावर बँक उपकर धरून 31.2 टक्के कापते. कराराप्रमाणे भारताला 15 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पुष्कळ जण म्हणतात, कापलंय ना, मग तेवढं अमेरिकेत वजा करू. तसं चालत नाही. भारताला कायद्याने जेवढा कर देणं लागतं, तेवढाच अमेरिका मानते. जादा कापलेले पैसे भारतातच रिटर्न भरून परत मागावे लागतात, आणि त्यासाठी अमेरिकेच्या आयकर खात्याकडून आपण तिथले रहिवासी असल्याचा दाखला आधी आणावा लागतो. रक्कम लहान आहे म्हणून भारतातलं रिटर्न सोडून देणारे स्वतःचेच पैसे सोडतात.

12 लाखांपर्यंत कर नाही, ही बातमी वाचून माझ्या भाच्याने आनंदाने फोन केला होता. ती सवलत भारतातल्या रहिवाशांना आहे. परदेशस्थाला ती मिळत नाही.

दोन्ही देशांची वर्षंही जुळत नाहीत. भारताचं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे एकाच खात्याचं व्याज मी दोनदा, वेगवेगळ्या तारखा धरून मांडते. अमेरिकेची मुदत 15 एप्रिलला संपते, तेव्हा भारतातलं वर्ष नुकतं संपलेलं असतं. मी ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मागते, जुलैअखेर भारताचं रिटर्न भरते आणि ते आकडे हाती घेऊन अमेरिकेचं पुरं करते. मुदतवाढ कागदासाठी असते. कराचा अंदाज करून पैसे मात्र एप्रिलातच भरायचे.

आईच्या मुदत ठेवींवर माझं नाव आहे. तिच्या आजारपणात बँकेत अडायला नको, म्हणून घातलेलं. पैसा सगळा तिचा. तरीही माझ्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर आईची ती खाती पूर्ण रकमेसह मला अमेरिकेच्या अर्थखात्याकडे कळवावी लागतात. त्या अर्जाला एफबार म्हणतात. त्याने कर एक पैसाही वाढत नाही. न कळवल्याचा दंड मात्र अनवधानाने चुकलं तरी 10,000 डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. हा दंड दर खात्यामागे की दर वर्षाच्या अर्जामागे, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2023च्या फेब्रुवारीत बिटनर खटल्यात न्यायालयाने अर्जामागे असा निकाल दिला. भारत आणि अमेरिका 2015च्या करारापासून खात्यांची माहिती एकमेकांना देतात, तेव्हा कळणार नाही या भरवशावर कुणी राहू नये.

सगळ्यांत मोठी गोष्ट जमिनीची. बाबा गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. परदेशस्थाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. आता द्रुतगती मार्ग आणि तळेगावची एमआयडीसी यांमुळे गिऱ्हाईक दारात येतं. दूरच्या खेड्यातली शेतजमीन विकली तर भारतात भांडवली नफ्याचा कर नाही. पण जमीन 10,000च्या वर वस्तीच्या नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत, किंवा हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत असेल तर कर लागतो. हे अंतर गावाच्या वस्तीप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटर, तेही रस्त्याने मोजायचं नाही, सरळ रेषेत. अमेरिकेला मात्र शेत खेड्यातलं की शहरालगतचं, याने फरक पडत नाही.

नफ्याचा हिशेबही दोन्हीकडे निराळा. भारत आमच्या जमिनीची 1 एप्रिल 2001ची किंमत धरू देतो. अमेरिका वडील वारले त्या दिवशीचा बाजारभाव धरते. एकच खाचर, एकच खरेदीखत, नफ्याचे आकडे दोन. त्यामुळे दोन्ही तारखांचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घेऊन ठेवावं, आणि तेही सौदा ठरण्याआधी. विकणारा परदेशी राहणारा असेल तर खरेदीदाराने त्याच्या वाट्यावर कर कापायचा असतो, आणि तो बहुधा नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर कापला जातो. ते टाळायला आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळतो. त्याला काही आठवडे लागतात. म्हणून दादाला मी सांगून ठेवलंय: इसार घेण्याआधी मला फोन कर, दुय्यम निबंधकाकडची तारीख दाखला हातात आल्यावरच घेऊ.