टबभर थाप!

'डिसेंबरचं दिनविशेष यंदा तू कर,' असं डेस्कवरचे सर म्हणाले आणि मी जाम खूश. विज्ञान-शोधांच्या तारखा गोळा करायला बसले. १७ डिसेंबर १९०३, राइट बंधूंचं पहिलं विमानोड्डाण. ही तर शाळेपासून पाठ! मग एक भन्नाट तारीख सापडली. २० डिसेंबर १८४२, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात पहिला बाथटब. महोगनी लाकडाचा, आतून शिशाचा पत्रा, वजन १,७५० पौंड, म्हणजे जवळपास ८०० किलो! डॉक्टरांनी म्हणे कडाडून विरोध केला. मग राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला आणि लोकांची भीती गेली.

सरांनी कॉपी वाचली आणि एवढंच विचारलं, 'हे कुणी पाहिलं?'

झालं! शोधत मागे मागे गेले, तर सगळ्या वाटा एकाच लेखापाशी येऊन थांबल्या. २८ डिसेंबर १९१७ चा 'न्यूयॉर्क इव्हनिंग मेल', लेखक एच. एल. मेंकेन. पहिलं महायुद्ध चालू होतं, वातावरण गंभीर होतं. या पठ्ठ्यानं गंमत म्हणून बाथटबचा अख्खा इतिहास रचला. शोधक, तारीख, वजन, डॉक्टर, सगळं त्याच्या डोक्यातून आलेलं. खरं तर क्रीट बेटावरच्या नोसोसच्या राजवाड्यात साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा टब सापडलाय!

पण लोकांना ते खरंच वाटलं. इतर पेपरांनी उचललं, मग संदर्भ म्हणून पुस्तकांत गेलं. शेवटी २३ मे १९२६ ला मेंकेननं जाहीर कबुली दिली. 'बोस्टन हेरल्ड'नं ती छापली आणि तीनच आठवड्यांनी तीच थाप पुन्हा खरी म्हणून छापली. बोला आता!

आपण का फसतो? कारण तारीख आणि आकडा दिसला की आपण मान डोलावतो. मीही १,७५० पौंडांनाच भुलले. आकडा इतका नेमका, मग खोटा कसा असेल?

सरांचा प्रश्न मग मी राइट बंधूंनाही लावला. ते उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पाहणारे पाच जण हजर होते, फोटो आहे, घरी पाठवलेली तारही आहे. पास!

आता अवघड पेपर. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, हा फॉरवर्ड आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येतो. तळपदे खरे, विमानाचा त्यांचा ध्यासही खरा. पण उड्डाणाचा फोटो किंवा त्या वेळची पक्की नोंद? ती अजून समोर आलेली नाही. सिनसिनाटीच्या टबवर हसणं सोपं होतं. इथे मात्र 'हे खरं असावं' असं मलाही मनापासून वाटतं. आणि नेमकं तिथेच 'हे कुणी पाहिलं?' विचारायला जीभ अडखळते. पण विचारायला तर हवंच.

माझं दिनविशेष छापून आलं. २० डिसेंबरचा टब त्यातून गेला. त्याऐवजी नवी ओळ आली : २८ डिसेंबर १९१७, मेंकेनची बाथटबची थाप प्रसिद्ध.

ही तारीख मात्र खरी आहे हं. तरी तुम्ही तपासाच!