ताशी तीसचं गणित

लासूर स्टेशनच्या बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ट्रॉल्या, टेम्पो, एसटी आणि शाळेच्या सायकली एकाच रस्त्यावर असतात. सायकलींना वेगळी मार्गिका द्यायला जागा नसेल, तर उपाय एकच: गाड्यांचा वेग उतरवणं.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या डांबरावर ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ने जाणारी त्या एका सेकंदातच जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे १३ मीटरवर सायकलवरची मुलगी आडवी आली, तर पहिली गाडी थांबेल, दुसरी पूर्ण वेगाने आदळेल. हा फरक मला फार अस्वस्थ करतो. भरलेल्या ट्रॉलीला तर थांबायला आणखी अंतर लागतं.

म्हणूनच रस्ते सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सायकली आणि मोटारी सतत एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली आहे. नुसत्या पाटीने ती पाळली जात नाही. बाजारपेठेच्या तोंडाशी आखलेले, रंगवलेले गतिरोधक हवेत.

सायकलला ओलांडून पुढे जाताना अंतरही हवं. जर्मनीत गावाच्या हद्दीत सायकलपासून किमान दीड मीटर, बाहेर दोन मीटर असा नियम आहे.

अंधारात रिफ्लेक्टर कामाला येतो. त्यातले बारीक कोपरे प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यामुळे हेडलाइटमागे बसलेल्या चालकाला सायकल लांबूनच दिसते. ट्रॉलीच्या मागेही रिफ्लेक्टर हवाच, कारण अंधारात उभ्या ट्रॉलीवर सायकलस्वारही आदळतो.