ब्लॅक बॉक्समधलं अर्धं वाक्य

घराचा उंबरठा ओलांडताना म्हणायची दुआ आपल्याकडे मुलांना अगदी लहानपणी शिकवतात. कित्येक घरांत ती दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. तिच्यातले ‘तवक्कलतु अलल्लाह’ हे शब्द, म्हणजे ‘मी अल्लाहवर भरवसा ठेवला’, आपण गाडीला किक मारताना, परीक्षेला निघताना, आखाताच्या विमानात बसताना सहज पुटपुटतो. हेच शब्द एकदा जगभरच्या वर्तमानपत्रांत गुन्ह्याचा पुरावा म्हणून छापले गेले होते.

31 ऑक्टोबर 1999 च्या पहाटे इजिप्त एअरचं 990 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून कैरोला निघालं. अर्ध्या तासात ते अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला समुद्रात कोसळलं. विमानात 217 माणसं होती, एकही वाचलं नाही. समुद्राच्या तळातून ब्लॅक बॉक्स निघाले. त्यातल्या एकावर कॉकपिटमधलं बोलणं ध्वनिमुद्रित झालं होतं, बरंचसं अरबीत. मुख्य वैमानिक थोड्या वेळासाठी बाहेर गेलेला, आत एकटा सहवैमानिक, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणतोय, ‘तवक्कलतु अलल्लाह’.

तपास करणारी अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था (एनटीएसबी) अधिकृतपणे काही सांगण्याआधीच नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून बातम्या फुटू लागल्या. वैमानिकाने मुसलमानी प्रार्थना म्हणत विमान समुद्रात घातलं, असं छापून आलं. त्यापुढची मजल म्हणजे, ‘मी आता निर्णय घेतला आहे’ असंही तो म्हणाल्याचं सांगण्यात आलं. काही दिवसांनी कळलं की असं वाक्य टेपवर नव्हतंच. पण तोवर ते जगभर पोचलं होतं. इजिप्तमध्ये संताप उसळला. ज्या देशात माणूस जिना चढताना, बस पकडताना हे शब्द म्हणतो, तिथल्या लोकांना ही कबुली कशी वाटावी?

मग एनटीएसबीने एक चांगलं काम केलं. ऑगस्ट 2000 मध्ये, अंतिम निष्कर्षाच्या खूप आधी, तपासातली जमा झालेली माहिती लोकांसाठी खुली केली. कॉकपिटमधल्या बोलण्याचा शब्दशः उतारा तिच्यात होता. कोण काय म्हणालं, कोणत्या सेकंदाला, त्या वेळी विमान कसं वागत होतं, हे आता कुणालाही वाचता येत होतं. परत आलेला मुख्य वैमानिक ‘काय चाललंय?’ विचारतो, ‘माझ्याबरोबर ओढ’ म्हणतो, तेही.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की मार्च 2002 मधला अमेरिकेचा अंतिम अहवाल त्या सहवैमानिकाला निर्दोष ठरवत नाही. त्याने नियंत्रणांवर केलेल्या हालचालींमुळे विमान पडलं, असं तो म्हणतो, पण त्याने तसं का केलं ते ठरवता आलं नाही, असंही नोंदवतो. इजिप्तच्या विमान वाहतूक खात्याने हे मान्य केलं नाही, शेपटीकडच्या यंत्रणेतल्या बिघाडाकडे बोट दाखवलं. वाद आजही आहे. पण आता तो उघड कागदांवरचा वाद आहे. नोव्हेंबर 1999 मध्ये होती ती नुसती कुजबुज, आणि तिने एका माणसाबरोबर एका दुआलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

मग सगळंच लगेच जाहीर का करत नाहीत? याचंही उत्तर आहे आणि ते खोटं नाही. अपघाताच्या तपासाचे जागतिक नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘परिशिष्ट 13’ मध्ये आहेत. त्यांत तपासाचा एकच हेतू सांगितला आहे, पुढचे अपघात टाळणं. दोष कुणाचा, हे ठरवणं त्यात बसत नाही. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण आणि साक्षीदारांचे जबाब यांना खास संरक्षण आहे, कारण आपला प्रत्येक शब्द उद्या टीव्हीवर वाजणार असं वाटलं तर माणसं मोकळेपणाने बोलणार नाहीत. शिवाय त्या टेपवर कुणाच्या तरी मुलाचा, नवऱ्याचा शेवटचा आवाज असतो. तो चव्हाट्यावर यावा असं कुठल्या घराला वाटेल? अमेरिकेतही आवाज देत नाहीत, लेखी उतारा देतात. प्राथमिक अहवाल 30 दिवसांत तयार व्हावा आणि अंतिम अहवाल शक्यतो 12 महिन्यांत यावा, तसं जमलं नाही तर दर वर्षदिनी तपास कुठवर आला ते जाहीर करावं, अशी अपेक्षा आहे.

आता अहमदाबाद. 12 जून 2025 ला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 171 क्रमांकाचं विमान उड्डाण करताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 पैकी 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. राख निवायच्या आतच अफवा सुटल्या. विमानाची देखभाल एका तुर्की कंपनीकडे होती, असा मेसेज फिरला. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवरही तो आला असेल आणि त्यात काय सुचवायचं होतं ते वेगळं सांगायला नको. तुर्कस्तानने दुसऱ्याच दिवशी तो खोटा असल्याचं जाहीर केलं.

आपल्या विमान अपघात तपास विभागाने (एएआयबी) महिन्याभरात, 12 जुलैला, 15 पानांचा प्राथमिक अहवाल दिला. मुदत पाळली, याचं श्रेय द्यायला हवं. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले, असं त्यात आहे. बोलण्याबद्दल मात्र एवढंच, की एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘बंद का केलंस’ असं विचारलं आणि दुसरा ‘मी केलं नाही’ म्हणाला. कोण विचारतो, कोण उत्तर देतो, नेमके शब्द काय, आधी आणि नंतर काय बोलणं झालं, काहीच नाही. ब्लॅक बॉक्समधून दोन तासांचा आवाज मिळाला होता. देशाच्या हाती आला एक प्रश्न आणि एक उत्तर.

पुढे व्हायचं तेच झालं. अमेरिकेतून नाव न सांगणाऱ्यांच्या हवाल्याने बातम्या आल्या, बोट कप्तानाकडे वळलं, चॅनेलवाल्यांनी त्याच्या मानसिक आरोग्याचं शवविच्छेदन मांडलं. एएआयबीने निवेदन काढून अशा निवडक, न तपासलेल्या बातम्यांचा निषेध केला. एनटीएसबीच्या प्रमुखांनीही हे अंदाज घाईचे असल्याचं म्हटलं. पण तो निवडक तुकडा आला कुठून? अहवालातूनच. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये, माहिती अशी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येणं दुर्दैवी असल्याचं मत नोंदवलं. कप्तानाच्या वयोवृद्ध वडिलांना मुलाच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी त्याच कोर्टाची पायरी चढावी लागली.

माझं म्हणणं साधं आहे. काहीच सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, त्यात अब्रू तरी शाबूत राहते. सांगायचं असेल तर त्या क्षणांचा पूर्ण उतारा द्यावा. मधलं अर्धवट काही नको. बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल, ही सूरह हुजुरातमधली ताकीद आपण बातमी ऐकणाऱ्याला आणि पुढे पाठवणाऱ्याला सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण शहानिशा करायची कशाने? ज्याच्या हातात कागद आहेत, त्याच्यावरही ती अमानत आहे.

आणि ऐकण्याचा पहिला हक्क घरच्यांचा. अमेरिकेत 1996 पासून कायदाच आहे, की शक्यतोवर जाहीर माहितीच्या आधी मृतांच्या नातलगांना ती सांगितली जावी. आपल्याकडे अहमदाबादचा प्राथमिक अहवाल रात्री उशिरा संकेतस्थळावर आला.

यात पैशाचाही प्रश्न आहे, तो बोलायला संकोच वाटतो, पण विधवेला आणि लहान लेकरांना संकोच परवडत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागू होतो. सध्या 1,51,880 एसडीआर, म्हणजे पावणेदोन कोटींहून अधिक रुपयांपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीसाठी कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. त्यापुढच्या रकमेसाठी मात्र अपघात का झाला हा प्रश्न उभा राहतोच, आणि दाव्याची मुदत दोनच वर्षं आहे, मग अहवाल येवो न येवो. अहमदाबादच्या प्रवाशांच्या घरच्यांसाठी ती जून 2027 मध्ये संपते. जमिनीवर गेलेल्या 19 जणांना तर हा करार लागूच नाही, त्यांचा रस्ता वेगळा.

आखातात माणूस असलेल्या घरांनी म्हणून एवढं ध्यानात ठेवावं. तिकीट, बोर्डिंग पासचा फोटो, नोकरीचा करार आणि पगाराची स्लिप यांची एक प्रत मागे घरात असू द्यावी. कंपनीचा माणूस पहिल्याच आठवड्यात सही घ्यायला आला, तर तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. आणि तपास चालू आहे एवढंच कारण देऊन माहिती अधिकाराचा अर्ज कुणी परत केला, तर अपील करावं. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, असा दिल्ली हायकोर्टाचा 2007 चा निकाल आहे.